दुसरी वाट नसलेला मजकूर

लंडनला कायदा शिकताना मला सारखं आठवायचं ते आमच्या गावच्या नोंदणी कचेरीबाहेरचं, जांभळाखालचं खातूअण्णांचं टेबल. चाळीस वर्षं अण्णांनी तिथे बसून गावाची खरेदीखतं लिहिली.

मी जायच्या आदल्या वर्षी शिरगावकर वकिलांनी खतांच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं आणि अण्णांना खतं नोंदवणाऱ्या निबंधकांसमोर उभं केलं. आमचंच खत तेव्हा लिहून व्हायचं होतं, म्हणून मी तिथेच होतो.

"हा माझा मजकूर चोरतो. याचं टेबल उठवा!" वकील कडाडले.

अण्णा म्हणाले, "'झाडझाडोरा, दगडमातीसह कायम खरेदी दिली' हे तुमचं? असू दे. याच अर्थाचं दुसरं सांगा, तसं लिहितो."

वकिलांनी ऐटीत चार ओळी सांगितल्या. निबंधकांनी त्या वाचून कागद परत सरकवला. "अशानं उद्या भांडणं लागतील. नेहमीचंच लिहा."

"वकीलसाहेब," अण्णा हसले, "शेताला दुसरी वाट नसेल तर आहे ती वाट कुणालाच अडवता येत नाही, हे गेल्या महिन्यात कोर्टात तुम्हीच ओरडून सांगितलंत ना? मग या मजकुरालाही दुसरी वाट नाही."

शिरगावकर पुस्तक काखेत मारून निघून गेले.

पुढे परदेशातल्या जाडजूड ग्रंथांत मला हाच न्याय भेटला. जांभळाची सावली मात्र तिथे नव्हती. म्हणून परतलो, अण्णांशेजारी माझंही टेबल मांडलंय.