कोणाच्या आठवणीची भाकर?

आमच्या चर्चचे पंच शिमोनराव स्वतःला मंडळीचे मालकच समजायचे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर मोडून सगळ्यांना वाटायच्या रविवारी राहेलबाई निळ्या साडीत आली, तर भर उपासनेत त्यांनी तिला अडवलं. "पांढऱ्या साडीशिवाय भाकर मिळणार नाही!"

"एकच पांढरी होती. काल शेजारणीच्या मयतावर पांघरली."

"ते मला सांगू नकोस. माझ्या आजोबांनी घालून दिलेली रीत आहे!"

राहेलबाईनं हातातलं बायबल पुढं केलं. "यात दाखवा."

शिमोनराव नुसतीच पानं उलटत राहिले.

"नाही ना सापडत? तुमच्या आजोबांच्या आठवणीसाठी भाकर मोडाल, तेव्हा पांढरी नेसून येईन. आज प्रभूच्या आठवणीसाठी मोडताय. सरका बाजूला!"