आतून घातलेला रेनकोट

“अजून किती जाड करू, बाबा?” असं मोरेश्वर म्हणाला, की “जाडी कमी पडली का?” असं म्हणाला, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. मी तेव्हा बाबांच्या मठीत मुक्कामाला होतो, कान शाबूत होते. तरी दुसऱ्यांची वाक्यं आठवायला बसलं की ती हळूहळू माझ्याच वळणाची होतात, अशी शंका मला येते.

प्रश्न मात्र जाडीचाच होता.

अच्युतबाबा मठीच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाची जाडी?”

मोरेश्वरनं पिशवीतून थर्माकोलचा एक तुकडा काढून त्यांच्यासमोर ठेवला. असा तुकडा फुंकरीनं उडायला हवा. हा ठेवताना चटईवर थप्प असा आवाज झाला, आणि त्याच्या खालून पाणी पसरलं.

बाबांनी आठळ्यांचं सूप जरा बाजूला ओढलं.

मोरेश्वर खवणेकर मठीखालच्या मच्छीमार वस्तीतला. नॉर्वेत जाऊन जुन्या इमारतींच्या भिंतींवर डॉक्टरेट करून आलेला. भिंतीतून ऊब कशी निसटते आणि ती कशी अडवायची, हा त्याचा विषय. बाबा संन्यास घेण्याआधी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, तेव्हा तो त्यांच्या वर्गात होता. त्यामुळे बोलता बोलता तो त्यांना मधूनच ‘सर’ म्हणे.

खाडीच्या तोंडाशी मच्छीमार संस्थेची जांभ्याची जुनी वखार होती. पूर्वी तिथं मीठ आणि काथ्या ठेवत. मोरेश्वरनं तिचं शीतगृह केलं. संध्याकाळी होड्या लागल्या की मासळी मिळेल त्या भावानं शहरातल्या व्यापाऱ्याच्या ट्रकात टाकावी लागे, कारण ती सकाळपर्यंत टिकत नसे. मोरेश्वरनं संस्थेच्या सभेत सांगितलं होतं, “यापुढे मासळी थांबेल. धावायचं ते व्यापाऱ्यानं.”

लोकांनी विश्वास ठेवला.

पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात भिंतींना पाणी सुटलं. यंत्र थांबेना आणि गारवा धरेना. मासळी मऊ पडली, आणि पुन्हा त्याच ट्रकात गेली.

आता आषाढ होता. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकल्या होत्या. रविवारी संस्थेची सभा होती. वखार पाडून जागा त्या व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायची, की मोरेश्वरला आणखी एक संधी द्यायची, हे तिथं ठरणार होतं.

त्याच्याबरोबर संस्थेच्या अध्यक्ष सुलोचना कुबल आल्या होत्या. मागच्या दोन्ही सभांत त्याच्या बाजूनं त्याच भांडल्या होत्या.

“बाबांनू,” त्या म्हणाल्या, “ह्येच्या भिंतीक सर्दी झाली हा. पुसून पुसून आमी दमलंव.”

मोरेश्वर हसला नाही.

“सर्दी नाही, मावशी. थर्माकोलचा भराव कमी पडतोय. मी दुप्पट करणार. आत्ता आहे त्या पत्र्यावर आणखी एक भराव, त्यावर दुसरा पत्रा. सांध्यांना दुहेरी पट्टी. पाण्याचा कण आत येणार नाही.”

“मग सगळं ठरलंच आहे,” बाबा म्हणाले. “माझ्याकडे कशाला आलास?”

“आशीर्वाद घ्यायला. रविवारी सगळे माझ्यावर तुटून पडतील. माझा निश्चय ढळू नये, एवढंच.”

बाबांनी एक आठळी दाताखाली धरून तिचं साल फोडलं.

“देवाचं विचारायला पुष्कळ येतात. भिंतीसाठी आलेला तू पहिलाच... भिंत कशी आहे ते सांग. बाहेरून आत ये.”

“सगळ्यात बाहेर जांभा. चांगला दीड हात. त्याला आतून लागून थर्माकोल. आणि मग खोलीच्या बाजूनं चकचकीत पत्रा. कुठंही फट नाही.”

“पत्रा खोलीच्या बाजूनं.”

“हो. नॉर्वेत असाच लावतात. तिथल्या बंदरातल्या जुन्या पेढ्या, ऑफिसं... मी स्वतः लावलाय. आजही ठणठणीत कोरड्या आहेत.”

बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. पडवीच्या खुंटीला मोरेश्वरचा रेनकोट निथळत होता. पिवळा, जाड, तिकडून आणलेला.

“तो दे इकडे.”

मोरेश्वरनं दिला.

बाबांनी अंगावरची छाटी काढून ठेवली. उघड्या अंगावर रेनकोट चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आतलं माझं कांबळं आणा.”

मी आणलं. ते त्यांनी रेनकोटावरून पांघरलं आणि कमरेला सुंभ करकचून बांधला.

“सर, उलटं झालं,” मोरेश्वर म्हणाला.

“का? रेनकोट आहे. कुठंही फट नाही.”

आणि ते पायऱ्या उतरून पावसात गेले.

तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. विहिरीपर्यंत गेले, तिला वळसा घातला, आणि घाई न करता परत निघाले. सुलोचनाबाई कपाळावर हात मारून उभ्या राहिल्या.

“अगो बाय माझे! म्हातारपणी ह्यां काय? कोणीतरी अडवा रे ह्यांका!”

कुणी अडवलं नाही. मी का नाही अडवलं, हे मला आजही सांगता येत नाही.

परतताना ते वाकले होते. कांबळ्यानं पाणी पिऊन घेतलं होतं. त्याची टोकं गुडघ्यांखाली ओघळली होती, आणि पायरी चढताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

ते आपल्या जागी बसले. दातांवर दात आपटत होते. त्यांनी गळ्याचं एक बटण सोडलं आणि मोरेश्वरचा हात धरून आत छातीला लावला.

“बघ. मी कोरडा आहे.”

“पण कांबळं...”

“पाण्याचा कण आत आला नाही.”

“बाबा, थट्टा पुरे. थंडी भरेल तुम्हाला.”

“वाजतेय खरी,” बाबा म्हणाले. “अजून एक कांबळं आण. ह्याच्यावर घाल.”

“ओल्यावर कोरडं घालून काय उपयोग? तेही भिजेल. आधी हे काढलं पाहिजे, मग...”

तो थांबला.

पागोळ्या पडत होत्या. बाबा तसेच कुडकुडत बसले होते. कांबळं काढत नव्हते.

मोरेश्वरनं मान झटकली. हार मानणारा तो नव्हता.

“दृष्टांत चांगला आहे, सर. पण भिंत म्हणजे माणूस नव्हे. तिथं शास्त्र लागतं.”

“लागतं ना. मीच शिकवलं तुला. बोल. नॉर्वेत इमारतीच्या आत काय असतं?”

“ऊब.”

“बाहेर?”

“बर्फ.”

“दमट हवेतली वाफ कुठून कुठं जाते?”

“उबेकडून थंडीकडे,” तो तोंडी परीक्षेसारखा भराभर बोलू लागला. “आतून बाहेर. म्हणूनच पत्रा आतल्या बाजूनं. वाफ भरावात शिरायच्या आत अडवायची.”

“आणि तुझ्या वखारीत?”

मोरेश्वरनं तोंड उघडलं...

“भितूर बर्फ,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “भायर आमी. घामान भिजलेले.”

मोरेश्वरनं तो थर्माकोलचा तुकडा उचलला. दोन्ही हातांनी दाबला. पाणी त्याच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत उतरलं.

“बाहेरून येते,” तो हळू म्हणाला. “जांभ्यातून. मग भरावातून. आणि शेवटी गार पत्र्यावर येऊन... पुढे वाटच नाही तिला.”

“म्हणजे रेनकोट वयर व्हयो व्हतो,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “इतक्यासाठी नार्वेक गेल्लंस, डॉक्टरा?”

ह्या वेळी तो हसला. फार नाही. पण लगेच उठून उभा राहिला आणि पडवीत येरझाऱ्या घालू लागला.

“सोपं आहे. क्रम फिरवायचा. भिंतीला लागून डांबराचा थर, मग भराव. खोलीची बाजू पत्र्यानं बंद करायची नाही. उद्याच डांबर मागवतो. नारळी पौर्णिमेला होड्या निघायच्या आत मी...”

“आणि हे?”

बाबांनी अंगावरच्या कांबळ्याचं एक टोक चिमटीत धरलं होतं. त्यातून धार लागली होती.

“ते काढायचं,” मोरेश्वर म्हणाला. “पत्रा काढायचा. थर्माकोल फेकायचा. भिंत उघडी करायची.”

“आणि लगेच डांबर.”

“हो... नाही.” तो खाली बसला. “जांभ्यात ओल मुरलीय. वरून डांबर लावलं तर ती आत कोंडेल. आधी भिंत सुकली पाहिजे.”

“मग सुकू दे.”

“हंगाम जाईल, बाबा!”

आवाज चढला होता. बाबांपुढे त्याचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

“रविवारी मी काय सांगू? मागं म्हणालो, फट नाही. आता म्हणू, सगळं उलटं लावलं होतं, मीच फाडून काढतो, आणि यंदा उघड्या भिंती बघत बसा? मासळी पुन्हा त्याच ट्रकात घाला? लोक हसतील. तो व्यापारी सगळ्यांना चहा पाजेल.”

“हसतले,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “मी पण हसतलंय. मगे मत तुकाच देतलंय.”

“का?”

“दुप्पट करतंय म्हणान सांगी होतंस, तेव्हा माका झोप नाय लागी. आता लागात.”

बाबांचे ओठ निळसर दिसू लागले होते. मोरेश्वर एकाएकी पुढे सरकला आणि त्यांच्या कमरेचा सुंभ सोडू लागला. भिजून गाठ आवळली होती. नखांनी सुटेना. मग तो वाकला आणि दातांनी गाठ ओढू लागला. बाबा हात वर करून, लहान मुलासारखे उभे राहिले.

गाठ सुटायला वेळ लागला.

कांबळं आम्ही दोघांनी दोन टोकांना धरून पिळलं. मला ते पेलेना. तो म्हणाला, “तुम्ही नुसतं धरून ठेवा,” आणि पीळ त्यानंच दिला. मग त्यानं ते आत नेऊन चुलीवरच्या दांडीवर पसरलं. रेनकोट काढून बाबांचं अंग पुसलं. छाटी दिली. सुलोचनाबाईंनी आल्याचा काढा उकळायला ठेवला, आणि बाबांवर चिडणं काही वेळ चालू ठेवलं.

काढा पिऊन झाल्यावर मोरेश्वर बाबांच्या पाया पडला.

“निघतो.”

“कशासाठी आला होतास?”

“आशीर्वादासाठी.”

“कसला?”

“निश्चय ढळू नये म्हणून.”

“ढळला का?”

“ढळला.”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“आता घे.”

इथं मी काही विसरलो असेन. हात बराच वेळ तसाच होता, एवढं नक्की.

मोरेश्वरनं रेनकोट अंगात घातला, सगळ्या कपड्यांच्या वरून. सुलोचनाबाईंनी छत्री उघडली. पायऱ्या उतरता उतरता तो वळला. चेहऱ्यावर मघाची तडफ परत आली होती, पण घाई नव्हती.

“बाबा, सभेत पहिला प्रश्न हाच येईल. भिंत उघडी ठेवायची, कबूल. पण किती दिवस? लोकांना काहीतरी आकडा सांगावा लागेल.”

बाबा पुन्हा आठळ्यांपाशी बसले होते.

“मला काय विचारतोस? भिंतीला विचार.”

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या गावी जाणं झालं, तेव्हा संस्थेतल्या दोघा जुन्या माणसांना वेगवेगळं विचारून मी खात्री करून घेतली. भिंत सुकायला दोन उन्हाळे लागले होते, आणि दोन्ही वर्षं संस्थेनं वखार न पाडता वाऱ्यासाठी तिची दारं उघडी ठेवली होती.