कासारणीची बोटे

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात शेवंता नावाची कासारीण राहत होती. तिचा हात इतका हलका, की ती बांगड्या भरताना तान्ही मुलेसुद्धा रडत नसत.

एका थंडीत तिची बोटे सुजली. ऊन वर येईपर्यंत मूठ वळेना. लेक मंजुळा तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाई म्हणाल्या, "मावशी, हा आमवात. शरीराची राखण करणाऱ्या पेशी चुकून तुमच्याच सांध्यांवर तुटून पडल्यात. हाड झिजवणाऱ्या पेशींनाही त्या चेतवतात. मग हाड कुरतडले जाते."

"मग मारून टाका त्यांना!"

"मारून कसे चालेल? बाहेरून येणाऱ्या रोगांना त्याच तर अडवतात. त्यांना शांत करणारे औषध देते. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. धीर धरा."

पण लग्नसराई तोंडावर आली होती. शेवंताने दुकानातून ठणक थांबवणाऱ्या गोळ्या आणल्या. तासाभरात बरे वाटले. "हेच खरे औषध," म्हणत तिने बाईंचे औषध सोडले.

ठणक गप्प झाली. आत हाड झिजतच राहिले. बोटे हळूहळू वाकडी झाली.

पुढे मंजुळाचे लग्न ठरले. हिरवा चुडा भरायला शेवंताने लेकीचा हात हाती घेतला, पण बोटांची पकडच बसेना. बांगडी निसटून फुटली.

"राहू दे, आई," मंजुळा हळूच म्हणाली.

शेजारगावच्या कासाराने चुडा भरला. शेवंता बाजूला बसून बघत होती. प्रत्येक बांगडीसरशी तिची बोटे मांडीवर नकळत हलत होती.

लग्नानंतर ती पुन्हा बाईंकडे गेली. "बोटे सरळ होतील?"

"ही नाही होणार, मावशी. पण बाकीचे सांधे अजून वाचवता येतील."

यावेळी तिने औषध सोडले नाही. हळूहळू सूज उतरली. गुडघे, खांदे शाबूत राहिले. पण गल्लीत काकणांची किणकिण ऐकली, की तिचा जीव तुटे. कुणाचा तरी हात हाती घ्यावासा वाटे.

एके दिवशी पाणवठ्यावर एक नवी सून म्हणाली, "मावशी, सकाळी माझी बोटं वळत नाहीत. पण गोळी घेतली की बरं वाटतं."

शेवंताने तिचा हात आपल्या दोन्ही वाकड्या हातांत धरला. किती दिवसांनी!

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत तिने तो हात सोडला नाही.

तात्पर्य इतकेच: ठणक थांबली म्हणजे झीज थांबली असे नाही, वेळ हाती आहे तोवर मुळावर इलाज करावा.