यंत्रातून काढलेली चूक

एकदा एक निवृत्त शिक्षिका आपला लॅपटॉप उराशी धरून एका वृद्ध दुरुस्तकाराच्या दुकानात आल्या. वनौषधींची टिपणे त्या त्यावर उतरवीत होत्या. तीन दिवसांपूर्वी याच दुकानातील शिष्याने त्यात मराठी अक्षरे बसवून दिली होती. तेव्हापासून यंत्र चालू केले की काळ्या पडद्यावरच थबके.

शिष्याने यंत्र हाती घेऊन त्याच्या कडा न्याहाळल्या. अक्षरे बसविताना लावलेला त्याचा नखाएवढा पेनड्राइव्ह कडेच्या खाचेत तसाच राहिला होता. सुरू होताना यंत्र आधी त्यातच वाट शोधी आणि अडे. त्याने तो हळूच काढून मुठीत दडविला. यंत्र सुरळीत सुरू झाले.

"बाई, तुम्हीच नको ते बटण दाबलं असणार," तो म्हणाला.

शिक्षिकेचा चेहरा उतरला. "असेल बाबा. या वयात हा उद्योग करूच नये. टिपणं राहू देत. भाच्याला देऊन टाकते हे."

वृद्ध चष्म्याआडून पाहत होते. त्यांनी शिष्यापुढे हात पसरला. "दे."

मूठ उघडली. वृद्धांनी पेनड्राइव्ह पुन्हा खाचेत बसविला, यंत्र बंद केले आणि म्हणाले, "बाई, चालू करा."

पडदा पुन्हा काळा.

"बरं झालेलं यंत्र बिघडवलंत कशाला?" शिष्य पुटपुटला. त्याचे कान तापले होते.

"बरं कुठे झालं होतं? तुझी चूक तू यंत्रातून काढलीस आणि बाईंच्या मनात ठेवलीस. यंत्रात होती तोवर शोधता तरी येत होती. विसरणं हा अपराध नव्हे; पण आपली लाज दुसऱ्याला वाहायला देऊ नये."

शिष्याला मान वर करवेना. "बाई, ती वस्तू माझी. मीच विसरलो. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"तीन दिवस मी स्वतःला बावळट म्हणत होते रे," त्या म्हणाल्या. स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द त्याला अधिक झोंबले.

त्यांनी स्वतःच पेनड्राइव्ह उपसून त्याच्या हाती दिला आणि यंत्र चालू केले. टिपणे उघडताच खुर्ची ओढून बसल्या. "भाच्याला म्हणावं, दुसरा बघ."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "इथे रफार कसा देतात?" शिष्य त्यांच्या शेजारी वाकला आणि अगदी हळू आवाजात सांगू लागला.