कुटारातली खिचडी

"मंग इस्तव कुठं हाये?" भीमाईनं आज पुन्हा विचारलं.

विश्वंभर हसला. हा प्रश्न त्याला फार आवडायचा. मठात येणारा जो तो हेच विचारायचा, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला मिळायचं. पूर्वी तो शाळेत मास्तर होता.

"विस्तव नाहीच, आई. तीच तर गंमत आहे."

पूर्णेच्या काठावरचा हा मठ म्हणजे टिनाची एक खोली. वैशाखात तिथं नुसतं बसलं तरी जीव कासावीस होतो. त्यात चूल पेटली की विचारूच नका. मागच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या भीमाईला, मठाच्या गुरुमाउलीला, चुलीपुढंच भोवळ आली. तेव्हापासून तिच्या या शिष्यानं स्वयंपाक आपल्या हाती घेतला होता.

पहाटे बाहेर लिंबाखाली तीन दगड मांडायचे. खिचडीला चांगला कढ आणायचा, झाकण घट्ट बसवायचं आणि पातेलं घोंगडीत गुंडाळायचं. मग गुरांच्या कुटारानं, म्हणजे कोरड्या भुशानं, भरलेल्या टोपल्यात ते खोल पुरायचं, वर पोतं दाबायचं. दुपारी खिचडी तयार. युक्ती खरोखर चांगली होती. वाईट एवढंच की ती विश्वंभरला सुचली होती.

"हात लावून पाहा. बाहेरून गार. आत शिजतंय. घराला झळ नाही, धूर नाही, कुणाला पत्ता नाही."

"मधी उघडलं तं?"

"मग कच्चं राहतं. वाफ गेली की संपलं. उघडायचंच नाही."

"असं…" भीमाई म्हणाली, आणि दारातल्या दोरीकडं पाहू लागली.

दोरीवर भगवी वस्त्रं वाळत होती. संध्याकाळी विश्वंभरला दीक्षा मिळायची होती. भीमाईची अट एकच होती. राग इझला का सांग, एवढंच ती म्हणाली होती. विझला, असं त्यानं कालच सांगितलं होतं.

राग थोरल्या भावावर होता, श्रीपतवर. माय गेली तेव्हा विश्वंभर दूरच्या गावी नोकरीला होता. श्रीपतनं त्याची वाट न पाहता तिला अग्नी दिला. विश्वंभर पोचला तो राखेपाशी. तो भांडला नाही, रडला नाही. भावाशी बोलणं तेवढं थांबवलं. त्याला एक तप झालं. बारा वर्षांना तप म्हणतात. त्यामुळं ती आपली तपश्चर्याच आहे, असं त्याला वाटू लागलं होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर ओला केलेला, तोंड लालबुंद. श्रीपतची बायको, कौसल्या. दोन कोस चालत आली होती.

"या वहिनी. बसा. पाणी घ्या," विश्वंभर अगदी गोड आवाजात म्हणाला.

"बसाले नाही आली, भाऊजी. त्याईची जीभ जड झाली. डॉक्टरनं घरी न्या म्हनलं. तुमचंच नाव घेऊन राह्यले. एकडाव चाला."

"दादाला सांगा, माझ्या मनात काही नाही. मी केव्हाच माफ केलं."

"हे तुमीच सांगा त्याईले."

"राग होता तेव्हा यायला काही अर्थ तरी होता, वहिनी. आता विझलाय. मग यायचं कशासाठी?"

कौसल्यानं पदरानं तोंड पुसलं.

"ऊन होतं जी, भाऊजी. त्या दिवशी… मायले ठेवता नाही आलं."

"मला ठाऊक आहे," तो हसून म्हणाला.

त्या हसण्याऐवजी त्यानं तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कौसल्या वळली.

"जेवल्याबिगर जाऊ नको, बाई," भीमाई म्हणाली.

"नाही, आई. घशाखाली नाही उतरनार."

ती तशीच उन्हात निघून गेली.

"पातेलं काढ," भीमाई म्हणाली.

"अजून वेळ आहे, आई. शिजलं नसेल."

"काढ."

त्यानं पोतं उचललं, कुटार बाजूला केलं, घोंगडीसकट पातेलं तिच्यापुढं ठेवलं.

"गार हाये?"

"बाहेरून गारच आहे."

भीमाईनं घोंगडी सोडली, झाकण काढलं आणि कुणी काही म्हणायच्या आत उजवा हात मनगटापर्यंत खिचडीत घातला.

"आई!"

विश्वंभरनं तिचा हात ओढून काढला. कातडी लाल झाली होती, बोटांना शितं चिकटली होती. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"इस्तव तं नव्हता रे बाबा," ती म्हणाली. "मंग मले भाजलं कायनं?"

विश्वंभर खाली बसला.

त्याला समजलं होतं. मास्तर माणूस, समजायला वेळ लागत नव्हता. वेळ लागायचा तो उठायला.

"जातो, आई," तो शेवटी म्हणाला. "ऊन उतरलं की निघतो."

ऊन उतरलं. मग भीमाईच्या हाताला तूप लावायचं होतं. मग अंधार पडला. भगवी वस्त्रं दोरीवरच राहिली.

"सकाळच्या गारव्यात निघतो," तो म्हणाला.

भीमाईनं कूस बदलली.

तो परत आला तो तेरावं उरकून. डोकं भादरलेलं होतं, दीक्षेसाठी नव्हे. भीमाई लिंबाखाली बसली होती. हाताची जुनी कातडी निघून खाली गुलाबी, नवी आली होती. तो समोर बसला.

"वहिनी घरी पोचायच्या आधीच दादा गेला होता."

भीमाईनं पोळलेला हात पदराखाली घेतला.

"गाव म्हणालं, दिवस मावळायच्या आत उरका. वहिनींनी उचलू दिलं नाही. दादानं त्यांच्याकडून वचन घेतलं होतं… विश्वंभर आल्याबिगर मले नेऊ नका."

"कोनी बोलवाले नाही आलं तुले?"

"येणार होते. वहिनीच म्हणाल्या, एकडाव बोलावलं. आता भाऊजीले त्याईच्या मनानं येऊ द्या."

"मंग?"

"रात्रभर ठेवला. वहिनी ओली फडकी बदलत राहिल्या. लिंबाचा पाला घातला… मी सकाळी पोचलो. गल्लीच्या तोंडालाच वास आला, आई. दादाचा वास. लोकांनी नाकाला धोतरं लावली होती. माझ्या दादाला… आणि मायला जर त्या दिवशी माझ्यासाठी ठेवलं असतं…"



"अग्नी कोनं देला?"

"मी. त्याला दुसरं होतं कोण?"

वारा नव्हता. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

"आता विझला, आई," विश्वंभर म्हणाला. "खोटं नाही सांगत. आत हात घालून पाहा. काही काही उरलं नाही."

भीमाईनं चुलीच्या त्या तीन गार दगडांकडं पाहिलं.

"इझनच," ती म्हणाली. "शिजाचं ते शिजलं ना."