पुसलेली खूण

मुलांनो, ज्या दरीतलं धुकं सगळ्यात उशिरा उठतं, तिच्या तोंडाशी करवंदीच्या झुडपात एक कोळी राहत असे. बाकीचे कोळी माश्या पकडायला जाळं विणतात. हा मात्र दिवसभर रानात हिंडून सगळं न्याहाळायचा आणि मनात भरेल ते फांदीच्या बेचक्यात विणून काढायचा. सकाळी त्यावर दव उतरलं आणि मागून ऊन आलं, की जाळ्यात चित्र उजळायचं. उडायच्या बेतात असलेला बगळा आणि त्याच्या पायाखाली पाण्यावर उठलेला तरंगसुद्धा! बघणाऱ्याला श्वास घ्यायचं भान राहत नसे. एवढ्याशा जिवाला हे कसं साधायचं, ते मला अजून उमगलेलं नाही. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तो एक नागमोडी रेघ विणायचा. ती त्याची खूण.

त्याच जंगलात एक माकड होतं, फुकटच्या मोठेपणावर जीव टाकणारं. रोज सकाळी सगळे प्राणी उंबराखाली जमत आणि जो काही नवल आणेल, त्याला तिथल्या सपाट दगडावर बसायचा मान मिळे. माकड गुपचूप कोळ्याची फांदी मोडून आणी, कोपऱ्यातली रेघ बोटाने पुसून टाकी आणि म्हणे, "बघा, मी काय विणलंय." मग ती फांदी जंगलभर फिरे. माकड विणायला कधी शिकलं, हे कुणीच विचारलं नाही. एकदा कोळी स्वतः उंबरापाशी आला. "न्यायचं तर विचारून ने, आणि माझी खूण तेवढी राहू दे," तो म्हणाला. माकड नुसतं हसलं. ससा म्हणाला, "अरे, चारचौघांनी पाहिलं तर तुझं काय झिजलं?" कोळी परत गेला.

एके सकाळी माकडाने जे चित्र आणलं, ते पाहायला उंबरावरचे पक्षीही खाली उतरले. बांबूच्या बेटात हत्तीचं एक पिल्लू कोवळा कोंब ओढत होतं. कोंबावरची लव दिसत होती, पिल्लाची एकेक पापणी दिसत होती. मागे उभी असलेली हत्तीण पुढे आली. पुरात तिचं पिल्लू वाहून गेलं होतं आणि तेव्हापासून ती रानोमाळ त्याला शोधत होती. "हे माझं बाळ आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे. कुठे पाहिलंस रे याला?" खरं सांगावं, तर माकडाला दगडावरून उतरावं लागणार. त्याने सुचेल तिकडे हात केला. "पूर्वेच्या माळावर." हत्तीण फांदी सोंडेत धरून निघाली. त्या माळावर बांबू तर सोडाच, घोटभर पाणीही नव्हतं.

वाट करवंदीवरूनच जात होती. "हत्तीणमावशी, थांब," कोळी म्हणाला. "हे मी विणलंय. पिल्लू पूर्वेला नाही." हत्तिणीने फांदी फिरवून पाहिली. कोपरा रिकामा होता. "यावर तुझी खूण नाही," ती म्हणाली. "कुणावर विश्वास ठेवू मी?" कोळी म्हणाला, "चित्रात मावलं नाही, ते सांगतो. कोंब खाताना ते मागचा एक पाय दुसऱ्या पायावर घासत असतं." हत्तिणीचे डोळे भरून आले. ही खोड तिच्या बाळाला जन्मापासून होती. "पश्चिमेला जा. ओढा वळतो, तिथल्या बेटात." ती आल्या पावली वळली.

काही दिवसांनी ती उंबराखाली आली, तेव्हा पिल्लू तिच्या पायांत घुटमळत होतं. सगळे उठून उभे राहिले. घडलेलं सांगून हत्तीण सशाला म्हणाली, "काय झिजलं, असं विचारलं होतंस ना? खूण पुसली नसती, तर मी कोळ्याला विचारून थेट बाळापाशी गेले असते. पुसली, म्हणून त्याला कायमची मुकणार होते." सशाने मान खाली घातली. माकड कुणी न सांगता दगडावरून उतरलं. दुसऱ्या दिवशी पिल्लू एकटंच करवंदीपाशी गेलं. झुडपात नवं चित्र दवाने चमकत होतं. पिल्लू बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलं. मग हळूच म्हणालं, "कोळीकाका, नेऊ का हे सगळ्यांना दाखवायला?" इतक्या दिवसांत हे कोळ्याला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "ने," कोळी म्हणाला. "कोपरा सांभाळ." पिल्लाने फांदी सोंडेत धरली आणि दवाचा एक थेंबही न सांडता ते उंबरापर्यंत चालत गेलं.

तात्पर्य : दुसऱ्याने टिपलेलं चित्र त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये आणि त्यावरचं त्याचं नाव पुसू नये; नाव पुसलं, की खरं कुणाला विचारायचं, तेच हरवून जातं.