गोल झालेलं डोकं

पाने आणि बोल्ट एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. पिठाच्या गिरणीचं इंजिन एका बोल्टने वीस वर्षं धरून ठेवलं होतं. इंजिन काढायच्या दिवशी पाना आला तो एक नंबर मोठा. फटीत पत्र्याचा तुकडा सारून त्याने जोर लावला. बोल्टच्या कडा झिजल्या आणि डोकं गोल झालं.

"फार हट्टी आहेस," पाना म्हणाला.

"हट्ट नाही, दादा. डोक्याखाली गंज चढलाय. थोडं रॉकेल सोडा आणि घटकाभर थांबा."

पान्याला थांबायचं नव्हतं. त्याने छिन्नीला बोलावलं आणि तिने डोकं उडवलं. उरलेला दांडा मग नुसता हात लावताच फिरत बाहेर आला. त्याचे आटे नव्यासारखे चमकत होते.

"खरं सांगत होता तो," छिन्नी म्हणाली.

रॉकेलचा डबा हातभर अंतरावर होता, भरलेला.